अल्फा कचेरीत, बीटा वावरात

ऑगस्टच्या मध्याला वाशीम जिल्ह्यात सोयाबीन फुलावर असतं. वावरात चिखल असतो, फवारणीची घाई असते, आणि त्याच दिवसांत मोबाइल घेऊन गटात जायचं असतं, कारण खरिपाच्या ई-पीक पाहणीची मुदत साधारण १ ऑगस्टला सुरू होते आणि सप्टेंबरच्या मध्याला संपते. ॲप उघडायचं, विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, खातेदाराचं नाव शोधायचं, गट क्रमांक घ्यायचा, हंगाम सांगायचा. मग येतो पिकाचा वर्ग. त्यात दोन मुख्य पर्याय: निर्भेळ पीक आणि मिश्र पीक. रिसोड-मालेगावकडे सोयाबीनच्या काही तासांमागे तुरीचं एक तास घालणं ही नेहमीची रीत. पाऊस दगा देतो तेव्हा दोन्हींपैकी एक तरी हाताशी लागतं. मग हे मिश्र पीक झालं. आता सोयाबीनचं क्षेत्र किती आर आणि तुरीचं किती? धुऱ्यावर उभ्या माणसाला तासं मोजता येतात. तासांवरून आर काढायचा हिशेब त्याला कधी करावा लागला नव्हता. तो अंदाजानं आकडा भरतो, कॅमेरा उघडतो, फोटो काढतो आणि वर फिरणाऱ्या गोल चकतीकडे बघत उभा राहतो.

या दहा-पंधरा मिनिटांत सॉफ्टवेअर-चाचणीचा सगळा प्रश्न सामावलेला आहे. पुण्या-मुंबईच्या कार्यालयात हे ॲप तपासलं गेलं तेव्हा यादीतला प्रत्येक रकाना उघडत होता, प्रत्येक बटण चालत होतं. तिथल्या तपासणीत सोयाबीनमधलं तुरीचं तास नव्हतं. ते सापडतं फक्त वावरात. पहिल्या तपासणीला संगणकवाले अल्फा चाचणी म्हणतात, दुसरीला बीटा. पुस्तकात हा फरक दोन ओळींत संपतो. शेतकऱ्याच्या, अंगणवाडी सेविकेच्या, लसीकरण केंद्रावरच्या नर्सच्या बाबतीत तो किती मोठा होतो याचा हा आढावा आहे.

ही नावं आली आयबीएम कंपनीतून, संगणक खोलीभर मोठे होते त्या काळात. तिथे नवं यंत्र जाहीर करण्याआधीची तपासणी म्हणजे ‘ए’ चाचणी, कारखान्यात उत्पादन सुरू करण्याआधीची ‘बी’ चाचणी आणि सर्वांना विकायला काढण्याआधीची ‘सी’ चाचणी. पुढे सॉफ्टवेअरसाठी त्यांचंच अल्फा आणि बीटा झालं. १९६० च्या दशकात आयबीएमनं हे शब्द सोडून दिले, पण तोवर ते बाहेर पसरले होते. ग्राहकाच्या हाती देऊन केलेल्या तपासणीला आयबीएम बीटा म्हणतही नसे. तिला तिथे फील्ड टेस्ट म्हणत.

आज रूढ अर्थ असा. अल्फा चाचणी बनवणाऱ्यांच्या घरात होते. प्रोग्रॅम लिहिणारे आणि टेस्टर ती करतात. तोपर्यंत छोटे भाग वेगवेगळे तपासून झालेले असतात, ते एकमेकांना जोडल्यावर चालतात हे पाहिलेलं असतं. आता सगळं एकत्र चालवून बघायचं. ॲप अजून अर्धवट असतं, काही सोयी यायच्या असतात, मधेच बंद पडलं तरी कोणाचं काही अडत नाही. माहिती खोटी भरलेली असते: ‘टेस्ट खातेदार १’, ‘गट क्रमांक ९९९’. चूक सापडली की शेजारच्या टेबलावर सांगायची, संध्याकाळपर्यंत दुरुस्त. बीटा त्यानंतरची. ठरवलेल्या बहुतेक सोयी तयार असतात आणि ॲप बाहेरच्या, खऱ्या वापरणाऱ्यांच्या हाती दिलं जातं. त्यांचे फोन वेगळे, नेटवर्क वेगळं, सवयी वेगळ्या, घाई खरी. निवडक लोकांना दिलं तर बंद बीटा, कोणालाही घेऊ दिलं तर खुली बीटा. त्यांच्या फोनवरून बिघाडाच्या नोंदी आपोआप परत येतात आणि ती माणसं स्वतःही लिहून कळवतात. त्यातून दुरुस्त झालेली प्रत शेवटी सर्वांसाठी निघते.

अल्फा सापडवते ती बनवणाऱ्याला सुचू शकणारी चूक. बीटा सापडवते ती त्याला सुचू न शकणारी. म्हणून एकीनं दुसरीचं काम भागत नाही. अल्फामध्ये दहा टेस्टर आणखी वाढवले तरी तुरीचं तास त्यांच्यापैकी कोणाच्या डोक्यात येणार नाही. आणि अल्फा नीट न करता सरळ बीटा काढली तर लोक पहिल्याच पानावर अडकतात, खोलातल्या चुकांपर्यंत कोणी पोचतच नाही.

विदर्भाच्या शेतकऱ्याला ही पद्धत नवी नाही. सोयाबीनचं नवं वाण विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर चांगलं आलं म्हणून लगेच दुकानात येत नाही. ते अखिल भारतीय समन्वित चाचण्यांत वेगवेगळ्या ठिकाणी सलग हंगाम पेरलं जातं, जुन्या वाणाशी ताडून पाहिलं जातं. शिवाय कृषी विज्ञान केंद्राचं एक नेमून दिलेलं कामच आहे, शेतकऱ्याच्या शेतावर चाचणी घेणं. वाशीम जिल्ह्यासाठी हे केंद्र रिसोड तालुक्यात करडा इथे आहे. प्रक्षेत्रावर पाणी वेळेवर, खत मोजून, तण काढलेलं; शेतकऱ्याच्या वावरात यातलं काहीच हमखास नाही. म्हणून दोन्ही टप्पे लागतात. आणि एक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे: चाचणीचं वाण शेतकरी आपल्या तुकड्यावर घेतो, सगळ्या रानावर नाही. ते फसलं तर वर्ष बुडत नाही. ही चाचणी आहे हे त्याला आधीपासून माहीत असतं, आणि पीक कसं आलं ते बघायला, विचारायला माणूस परत येतो.

सॉफ्टवेअरच्या बीटालाही हेच तीन निकष लावायला हवेत. वापरणाऱ्याला ही चाचणी असल्याचं माहीत आहे का? ती फसली तर त्याचं नुकसान मर्यादित राहतं का? आणि त्याचं म्हणणं ऐकायला कोणी परत येतं का? या तीनपैकी एकही नसेल तर तिला बीटा म्हणू नये.

ई-पीक पाहणीला हे निकष लावून पाहू. पूर्वी पिकांची नोंद तलाठी करत. गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागात, कोणत्या गटात कोणतं पीक किती क्षेत्रावर हे लिहिलं जाई. एका तलाठ्याकडे कित्येक गावं, म्हणून बऱ्याच वेळा ही नोंद चावडीत बसूनच होई, मागच्या वर्षीचं पीक पुढच्या वर्षी जसंच्या तसं उतरे. शेतकऱ्यानं स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः करावी ही कल्पना चांगलीच होती आणि आजही आहे. टाटा ट्रस्टच्या मदतीनं ॲप तयार झालं, निवडक तालुक्यांत प्रयोग झाला आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी ते राज्यभर लागू झालं. निवडक तालुक्यांतला प्रयोग ही खरी बंद बीटा होती, तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण निवडक तालुके आणि सगळं राज्य यांच्यात एक मोठी पायरी असते, ती एका दिवसात ओलांडली गेली. पहिल्या हंगामात सर्व्हर अडला, ओटीपी येईना, फोटो चढेना, मुदत वाढवावी लागली.

त्या वर्षातल्या तक्रारी आणि सूचनांतून १ ऑगस्ट २०२२ ला दुसरी आवृत्ती आली. तिच्यात काय बदललं ते पाहण्यासारखं आहे. भरलेल्या नोंदीत चूक झाली तर ४८ तासांच्या आत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्ती करता येऊ लागली. मुख्य पिकासोबत नोंदवायच्या दुय्यम पिकांची संख्या वाढली. शेतकऱ्यानं स्वयंघोषणा केलेली नोंद ग्राह्य धरून तलाठ्यानं त्यातल्या दहा टक्के तपासायच्या असं ठरलं. गावातल्या सगळ्यांच्या नोंदी गावातल्या माणसाला पाहता येऊ लागल्या. गटाच्या मध्यबिंदूपासून आपण किती दूर उभे आहोत हे ॲप सांगू लागलं. यातला एकही बदल कार्यालयात बसून सुचणं अवघड होतं. पहिल्यांदा आर चुकीचे भरून हळहळलेल्या माणसाशिवाय ४८ तासांची सोय कोणी मागितली असती?

म्हणजे पहिलं वर्ष ही राज्यव्यापी बीटाच होती, फक्त तिला तसं कोणी म्हटलं नाही. तिसरा निकष बऱ्यापैकी पाळला गेला. म्हणणं ऐकलं गेलं, आवृत्ती सुधारली. पहिले दोन पाळले गेले नाहीत. ही चाचणी आहे हे शेतकऱ्याला सांगितलं नव्हतं आणि नुकसानही मर्यादित नव्हतं, कारण सातबाऱ्यावरच्या पीक नोंदीवर पुढची बरीच दारं उघडतात. हमीभावानं सोयाबीन विकायची नोंदणी करताना पीक नोंद असलेला सातबारा मागतात. खरीप २०२३ च्या सोयाबीन-कापसासाठी राज्यानं हेक्टरी ५,००० रुपये, कमाल २ हेक्टरपर्यंत, मदत जाहीर केली तेव्हा ती ई-पीक पाहणीतल्या नोंदीवर ठरली. ज्यांची नोंद ॲपवर झाली नव्हती ते यादीबाहेर राहिले, गावोगाव ओरड झाली आणि २०२४ मध्ये ती अट सैल करावी लागली. दोन हेक्टरवाल्या कुटुंबाला १०,००० रुपये म्हणजे काय हे वाशीममध्ये कोणाला समजावून सांगावं लागत नाही. न चढलेल्या एका फोटोची ती किंमत ठरू शकत होती.

पुढचा टप्पा केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेचा. तो राज्यात आधी निवडक तालुक्यांत आला, मग सगळीकडे. आता फोटो गटाच्या ५० मीटरच्या आत उभं राहून काढावा लागतो. हेतू रास्त आहे. घरात बसून केलेल्या नोंदी थांबल्या पाहिजेत. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचा जीपीएस पाचेक मीटरच्या आसपास अचूक असतो, म्हणजे ५० मीटर पुरेसे वाटतात. पण इथे दोन गोष्टी एकमेकांवर बसायच्या असतात: फोन सांगतो ती जागा आणि नकाशातला गट. गावनकाशे जुन्या मोजणीचे, कागदावरून संगणकात आणलेले आणि मग उपग्रहाच्या चित्रावर बसवलेले. नकाशा थोडा सरकून बसला तर माणूस स्वतःच्या वावरात उभा आणि ॲप म्हणतं, तुम्ही गटाबाहेर आहात. ही चूक अल्फात दिसत नाही, कारण कार्यालयात टेस्टर नकाशावर बोट ठेवून जागा निवडतो. ती दिसते मानोऱ्याच्या डोंगराळ भागातल्या लांबट, वाकड्या गटात.

अल्फातून निसटणाऱ्या चुका कशा असतात ते आणखी थोडं जवळून पाहू. मराठीतलंच उदाहरण घ्या. वाशीम-हिंगोलीकडे कऱ्हाळे हे आडनाव सर्रास आढळतं. यातला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं. सातबाऱ्यात एका तऱ्हेनं भरलेलं असेल आणि शेतकऱ्याचा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेनं लिहीत असेल तर शोधल्यावर उत्तर येईल: खातेदार सापडला नाही. ‘टेस्ट खातेदार १’ या नावानं तपासणाऱ्याला ही अडचण जन्मात येणार नाही. खुद्द ॲप या शब्दातलं ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये. त्याआधीच्या फॉन्टवर बसवलेल्या यंत्रणेत तिथे रिकामी चौकट दिसते.

मग फोन. घरात चांगला फोन एकच, तो शिकायला अकोल्याला किंवा कामाला पुण्याला गेलेल्या मुलाकडे. घरी उरतो तो जुना, मेमरी भरलेला, काच तडकलेला. खात्याला जोडलेला नंबर कधीचाच बंद झालेला, म्हणून ओटीपी कुठे जातो कोणास ठाऊक. सामाईक खातं असेल तर चार भावांची नावं एका गटावर, प्रत्येक जण आपापल्या वाट्याचं पीक नोंदवू पाहतो आणि क्षेत्राची बेरीज गटाच्या बाहेर जाते. मंगरूळपीर, मानोरा भागातल्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलली जाते. तिथल्या वयस्क बाईला ‘जलसिंचनाचे साधन’ हा रकाना वाचून दाखवावा लागतो, आणि वाचून दाखवणारा सेतू केंद्रावर बसलेला असतो, वावरात नाही. उन्हात पडदा दिसत नाही. पावसात ओलं बोट लागत नाही. हे सगळं सॉफ्टवेअरच्या बाहेरचं आहे असं म्हणून सोडून देता येत नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीनं ॲप चाललं किंवा नाही चाललं, एवढंच असतं.

सरकारी कामात चाचणी होतच नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं ठरेल. ती होते, कागदोपत्री चोखही होते. निविदा निघते, कंपनी काम करते, मग स्वीकृती चाचणी होते: खात्याचे अधिकारी बसून निविदेतल्या प्रत्येक अटीसमोर खूण करतात. केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, सर्ट-इनच्या, यादीतल्या संस्थेकडून सुरक्षेचं ऑडिट होतं. गरजेप्रमाणे केंद्राच्या एसटीक्यूसी संचालनालयाकडून गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळतं. घोटाळा होतो तो इथे, की स्वीकृती चाचणीलाच बीटा समजलं जातं, कारण ती कंपनीबाहेरच्या माणसांनी केलेली असते. पण तिथला अधिकारी तपासतो ते करारात लिहिलेलं मिळालं की नाही. करारातच जे नव्हतं त्याची चौकशी तो का करील? हा अधिकारी ॲपचा गिऱ्हाईक आहे, वापरणारा नाही. या एका गल्लतीमुळे सगळे टप्पे पार पडल्याचं समाधान मिळतं आणि बीटा राहून जाते.

कोविडच्या लसीकरणात आपण हे सगळ्या देशानं मिळून अनुभवलं. लसीची नोंदणी करणाऱ्या को-विन प्रणालीची रंगीत तालीम नीट झाली होती. २ जानेवारी २०२१ ला महाराष्ट्रात पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार जिल्ह्यांत, ८ जानेवारीला देशभरातल्या जिल्ह्यांत. प्रत्येक केंद्रावर २५ आरोग्य कर्मचारी लाभार्थी म्हणून उभे केले गेले. रांग, खोल्या, शीतपेट्या, नोंदणीचा क्रम, सगळं तपासलं. १६ जानेवारीला खरं लसीकरण सुरू झालं आणि को-विनमधल्या अडचणींमुळे महाराष्ट्राला १७ आणि १८ जानेवारीला ते थांबवावं लागलं. पंचवीसांच्या यादीनं प्रक्रिया तपासता येते, भार तपासता येत नाही. बीटामध्ये माणसं खरी असून भागत नाही; संख्या, वेळ आणि घाई ही तिन्ही खरी लागतात. को-विन पुढे सुधारत गेलं आणि प्रचंड काम त्यानं पेललं, हेही खरं. आणीबाणीत कोणी वर्षभर बीटा चालवा म्हणणार नाही. पीक पाहणी मात्र दर वर्षी ठरल्या तारखेला येते.

पोषण ट्रॅकरची कथा अधिक बोचरी आहे. १ मार्च २०२१ पासून आलेलं हे ॲप अंगणवाडी सेविकांनी वापरायचं होतं. ते इंग्रजीत होतं. हातातले सरकारी फोन कमी मेमरीचे, जुने झालेले. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी हजारोंच्या संख्येनं ते फोन प्रकल्प कार्यालयांत परत करायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांत ती आंदोलनाची बातमी म्हणून आली. मला ती बीटा चाचणीचा अहवाल वाटते, तोही उत्तम अहवाल: कोणत्या फोनवर, कोणत्या भाषेमुळे, कोणतं काम होत नाही हे रोज काम करणाऱ्या बाईनं नेमकं सांगितलं होतं. असा अहवाल मिळवायला कंपन्या पैसे मोजतात. तो मागण्याची रीतच नव्हती, म्हणून त्यांना फोन टेबलावर ठेवून सांगावं लागलं.

जगात काय चालतं तेही पाहिलं पाहिजे, कारण तिथलं सगळंच अनुकरणीय नाही. ॲपलनं २००० साली मॅकच्या नव्या प्रणालीची खुली बीटा काढली, ती २९.९५ डॉलरला विकली आणि लोकांनी ती हौसेनं घेतली. ही चाचणी आहे हे त्यांना वेष्टनावरच वाचता येत होतं. गूगलची जीमेल १ एप्रिल २००४ ला बीटा म्हणून आली आणि जुलै २००९ पर्यंत बीटाच राहिली. तोवर कोट्यवधी लोकांचं रोजचं काम तिच्यावर चालू होतं. बीटा हा शब्द तेव्हापासून ढाल म्हणूनही वापरला जाऊ लागला: चूक झाली तर आम्ही आधीच सांगितलं होतं. अमेरिकेची सरकारी आरोग्य विमा वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली तेव्हा पहिल्या दिवशी अख्ख्या देशातून फक्त ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली. सगळे भाग एकत्र जोडून तपासायला जेमतेम दोन आठवडे मिळाले होते. पैसा आणि हुशारी असलेल्या देशातही टप्पा गाळला की हीच गत.

उलट काही नियम चांगले रुजले आहेत. गूगल प्ले स्टोअरवर आतली, बंद आणि खुली अशा तीन पायऱ्यांची चाचणी उपलब्ध आहे. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना बंद चाचणीत २० माणसांनी सलग १४ दिवस ॲप वापरल्याशिवाय ते सर्वांसाठी काढता येत नसे; पुढे ही संख्या १२ वर आणली. म्हणजे एखाद्या पोरानं घरी बसून बनवलेल्या खेळाच्या ॲपला बीटा सक्तीची आहे. लाखो सातबाऱ्यांना हात घालणाऱ्या ॲपला तशी सक्ती शासन निर्णयात असायला हरकत काय?

हरकती दोन घेतल्या जातात. पहिली खर्चाची. अमेरिकेच्या मानक संस्थेनं, एनआयएसटीनं, २००२ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार सॉफ्टवेअरमधल्या चुकांचा तिथल्या अर्थव्यवस्थेला वर्षाला ५९.५ अब्ज डॉलरचा फटका बसत होता, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भार वापरणाऱ्यांवर पडत होता. चाचणीचा खर्च वाचत नाही, तो खालच्या माणसाकडे सरकतो. सेतू केंद्रावरच्या चकरा, बुडालेली मजुरी, झेरॉक्स, तालुक्याचं भाडं, यांची बेरीज कुठल्याच निविदेत येत नाही. शिवाय चाचणी फार मोठी असावी लागतेच असं नाही. जेकब नील्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाचा जुना हिशेब आहे की, एका प्रकारच्या पाच वापरकर्त्यांना समोर बसवून पाहिलं तरी अडचणींचा मोठा भाग, साधारण ८५ टक्के, उघडा पडतो. खोच ‘एका प्रकारच्या’ या शब्दांत आहे. बागायती एकटा खातेदार, कोरडवाहू सामाईक खातेदार, तांड्यावरची विधवा शेतकरी, ठोक्यानं वावर करणारा, हे चार वेगळे प्रकार. प्रत्येकी पाच धरले तर वीस माणसं झाली. एका गावात मिळतील.

दुसरी हरकत वेळेची, आणि ती जास्त खरी आहे. योजना आधी जाहीर होते, तारीख आधी ठरते, ॲप मागून येतं. २८ जून २०२४ ला लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि जुलैमध्येच नारीशक्ती दूत ॲपवर अर्ज भरायला बायांची आणि त्यांचे अर्ज भरणाऱ्या सेविकांची झुंबड उडाली. ॲप अडत राहिलं, रात्री जागून अर्ज भरले गेले. अशा घाईत बीटा बसतच नाही. याला इलाज संगणकात नाही, मंत्रालयाच्या वेळापत्रकात आहे.

आणि तरी, हे आपल्याला जमत नाही असं नाही. महसूल खात्यानंच ते एकदा करून दाखवलं आहे. सातबारा संगणकात आला तेव्हा हस्तलिखितावरून उतरताना नावं, क्षेत्रं, बोजे यांच्या असंख्य चुका राहिल्या होत्या. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम निघाली. संगणकातल्या नोंदी गावात खातेदारांसमोर वाचायच्या, हरकती लिहून घ्यायच्या, मग संगणकात दुरुस्ती करायची. म्हाताऱ्या माणसानं हात वर करून सांगायचं, माझ्या बापाचं नाव असं नाही. हे झाल्यानंतर १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. क्रम पाहा: आधी लोकांसमोर वाचन, मग दुरुस्ती, आणि त्यानंतर ती नोंद बंधनकारक. वर सांगितलेले तिन्ही निकष त्यात बसतात. या मोहिमेला कोणी बीटा म्हटलं नाही, पण महाराष्ट्रात इतकी मोठी आणि इतकी योग्य बीटा मला दुसरी दिसत नाही.

मग पीक पाहणीच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला असंच का करू नये? वाशीम २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम असे चारच. योजनांना प्राधान्य द्यायला हा जिल्हा निवडला जातो, तर सॉफ्टवेअरची पहिली तपासणी घ्यायलाही निवडावा. जिथे रेंज तुटते, गट वाकडे आहेत, खाती सामाईक आहेत आणि पीक मिश्र आहे, तिथे जे ॲप चाललं ते बारामतीलाही चालेल. उलट्या क्रमानं याची खात्री देता येत नाही. रब्बीत हरभऱ्यावर, कमी गर्दीच्या हंगामात, सहाही तालुक्यांतल्या एकेका गावात नवी आवृत्ती द्यावी. त्या हंगामापुरती तिथली नोंद तलाठ्यानंही, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यानंही करावी, म्हणजे ॲप अडलं तरी कोणाचा सातबारा कोरा राहणार नाही. करड्याच्या कृषी विज्ञान केंद्राला शेतावरच्या चाचण्यांचा सराव आहे, त्याला सोबत घ्यावं. वाशीम, रिसोड, कारंज्याकडची कितीतरी मुलं पुण्यात टेस्टिंगचे क्लास करून तिथेच त्या कामाला लागली आहेत. आपल्या गावचे वाकडे गट त्यांना तोंडपाठ आहेत, त्यांना बोलवावं. आणि ज्ञात चुकांची यादी मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी: अमुक फोनवर फोटो चढत नाही, दुरुस्ती चालू आहे, तोवर असं करा. ही यादी लावण्यात कमीपणा नाही. जगातल्या अनेक चांगल्या सॉफ्टवेअर कंपन्या ती प्रसिद्ध करतात.

एक विनंती वाचकांनाही. ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढं म्हणून आपण फोन खिशात टाकतो आणि तक्रार तिथेच मरते. ॲप अडलं तर पडद्याचा फोटो घ्या. फोनचं मॉडेल, ॲपची आवृत्ती, तारीख-वेळ, गाव, गट, रेंज होती की नव्हती, आणि नेमकं कोणत्या बटणानंतर अडलं, एवढं एका कागदावर लिहून ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. कार्यालयात बसलेल्या प्रोग्रॅमरला चूक पुन्हा घडवून पाहता आली तरच ती दुरुस्त करता येते, आणि त्यासाठी त्याला नेमक्या याच गोष्टी लागतात. खरिपाची पाहणी ऑगस्टमध्ये सुरू होते. त्याआधीचे रब्बी आणि उन्हाळी हे दोन हंगाम चाचणीसाठी दर वर्षी मोकळे असतात.